रामबाईच्या जागेवर कोरियन बाई

“कोरियाचा आवाज पायजे ना तुले? उद्या दुपारच्या जेवनाआंधी आनून देतो,” असं झामसिंगनं नातीला छाती ठोकून सांगितलं, तेव्हा कोरिया गोंदियाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

नात रविता. तिला पुण्याकडच्या एका कोरियन कारखान्यात नोकरी हवी होती आणि त्यासाठी त्या भाषेची परीक्षा द्यायची होती. पुस्तकं तिनं पाठ केली होती. पण अर्धी परीक्षा कानाची. तिकडची माणसं भराभर बोलणार, आणि हिनं ते ऐकून उत्तरं लिहायची. आता नागझिऱ्याच्या जंगलाला टेकलेल्या गावात कोरियन ऐकायला कुठं मिळणार? इथं मोबाइलची रेंज मिळवायची तर टेकडीवर चढावं लागतं, आणि तिथं आधीच अस्वल बसलेलं असतं.

“आबाजी, राहू द्या. रविवारी मैत्रिणीकडून आनतो मी,” रविता म्हणाली.

“रविवारपर्यंत तुये कान गंजून जातीन.”

तिनं कपाळाला हात लावला. पण आजोबांनी एकदा बोलून टाकलं की गाडी उतारावरून सुटली.

मोबाइलच्या दुकानात आवाज भरून मिळतो, मात्र कार्ड आपलं न्यावं लागतं, एवढं झामसिंगला माहीत होतं. कार्ड त्याच्याकडे एकच होतं. ते शेतातल्या मशीनमध्ये होतं आणि त्या कार्डात त्याची बायको होती.

हे जरा नीट सांगायला हवं. धान लोंबीवर आलं की रात्री रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरतात आणि सकाळपर्यंत तिथं लग्नाची पंगत उठून गेल्यासारखं करून ठेवतात. म्हणून लोक बांधावर भोंग्याचं मशीन लावतात. त्यात माणसाचा आवाज भरलेला असतो आणि तो रात्रभर ओरडतो. झामसिंगच्या मुलानं, हेमेंद्रनं, आधी त्यात वाघाचा आवाज भरला होता. नागझिऱ्याची डुकरं खऱ्या वाघाच्या शेजारची. ती भोंग्याखाली बसून खात राहिली. मग एका संध्याकाळी रामबाई नवऱ्यावर ओरडत होती, ते हेमेंद्रनं हळूच मोबाइलमध्ये धरलं आणि मशीनमध्ये टाकलं.

“येतं का नाई जेवाले? भात थंडा होऊन राहिला ना! येतं, का टाकू डुकरायसमोर?”

डुकरं पळाली. पुढच्या हंगामातही पळाली. गावात म्हणत, वाघाला पुरून उरतील, पण रामबाईला नाही.

गेल्या उन्हाळ्यात रामबाई गेली. आवाज धरला होता तो मोबाइल हेमेंद्रच्या हातून आधीच विहिरीत पडला होता. फोटोला ती कधी नीट उभी राहिली नाही, तर आवाज कोण घेऊन ठेवतो? जगात तिचा आवाज आता त्या नखाएवढ्या कार्डात तेवढा उरला होता. झामसिंग रोज संध्याकाळी बांधावर जाई, मशीन सुरू करी, बायकोची शिवी ऐके आणि मगच डबा उघडून जेवे. आवाज आल्याशिवाय घास उतरत नसे. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर डुकरांसाठी जातो म्हणाला असता.

कार्ड काढताना त्याला भीती वाटली नाही. त्याचा हिशेब साधा होता. राइस मिलमध्ये धान न्यावं, तर तांदूळ मिळतो. कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, वेगळी मिळते, कोंडा वेगळा मिळतो. आपल्या पोत्यातलं जे निघालं ते आपल्या स्वाधीन करतात. गिरणीवाला तुमचा डबा रिकामा करतो, तेव्हा आतलं उकिरड्यावर फेकतो काय? सगळ्या दुनियेचा धंदा असाच चालतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

गोंदियाच्या बाजारात मुन्नाचं दुकान खुराड्याएवढं. मुन्नानं कार्ड लावून पाहिलं.

“काका, इसमें कुछ पुराना पड़ा है. क्या है?”

दुकानात चार पोरं उभी होती. त्यांच्यासमोर ‘माझी मेलेली बायको मला जेवायला बोलावते’ असं कोण सांगणार? झामसिंग गुरगुरला, “काई नाई. डुक्कर हाकलाचा आवाज हाय.”

पोरं हसली. मुन्नाही हसला. “कोरियन का पूरा कोर्स है, काका. कार्ड छोटा है. पुराना निकालना पड़ेगा.”

“काढ ना मंग. मी का नाई म्हनून राहिलो?”

मुन्नानं बटन दाबलं. कोरियन भरून झालं. झामसिंगनं कार्ड धोतराच्या सोग्यात बांधलं, पण तो जागचा हलला नाही. मुन्नानं दोन गिऱ्हाइकं उरकली, तरी म्हातारा काउंटरला चिकटलेलाच.

“और कुछ, काका?”

“मायं जुनं दे.”

“कौन सा जुना?”

“जे काढलं ते. या कागदात बांधून दे, नाईतर दुसऱ्या डबीत दे. मी घेऊन जातो.”

“वो तो गया, काका.”

“कुठं गेला?”

“कहीं नहीं गया. मिट गया.”

“मंग तुयाकडं कोंडा तरी असन ना त्याचा?”

मुन्ना आता हसत नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यानं कार्ड पुन्हा लावलं, खटपट केली, मान हलवली. “ऊपर से नया भर दिया ना. डुक्कर का ही था ना, काका? दूसरा भर देता हूं. शेर का दूं?”

“वाघ नोको,” झामसिंग म्हणाला आणि बाहेर पडला. बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा त्याला आपल्या गावाचं नाव आठवलं.

रविता मात्र हरखली. आजोबांनी खरोखरच कोरियन आणलं होतं, तेही अख्खं. तिनं ते आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलं आणि कार्ड परत दिलं. “आबाजी, तुमी तं कमाल केली.”

कमाल केली खरी. झामसिंगनं मान हलवली आणि जेवणाचा डबा घेऊन बांधावर गेला. मशीन मुकं ठेवलं तर डुकरं येणार, म्हणून कार्ड आत सरकवलं. भोंगा बोलू लागला. गोड, नाजूक बाई. एक वाक्य बोले, थांबे, पुन्हा तेच वाक्य बोले. शाळेत बाई लेकरांना समजावतात तसं.

शेजारच्या बांधीचा मालक केवळराम, गावचा पोलीस पाटील, काठी आपटत आला.

“काऊन गा झामसिंग, भाभी कोनती बोली बोलून राहिली?”

खरं सांगायला जीभ वळेना. “नवीन आवाज टाकला. फॉरेनचा. जुन्या आवाजाची डुकरायले सवय होऊन गेली होती.”

“हा कामाचा हाय?”

“बोली समजत नाई म्हनून तं जास्त भेतीन. जंगल सोडून पळतीन. आज राखनीची शेकोटी नोको करू, जा, घरी जाऊन झोप.”

केवळराम खूश होऊन गेला. जाताना ही बातमी त्यानं वाटेत भेटलेल्या पुष्पाबाईला सांगितली. पुष्पाबाईच्या तोंडून ती गावभर गेली, तेव्हा रामबाई मेल्यावर परदेशात जन्मली आणि तिथूनही नवऱ्याला शिव्या देते, असं तिचं रूप झालं होतं. दोघीतिघी लिंबू घेऊन बांधापर्यंत आल्या, दुरून ऐकून परत गेल्या. “बिचारी तिकडं जाऊन शांत झाली व,” पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाली.

झामसिंग डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. बाई बोलत होती, पण त्याला कुणी बोलावत नव्हतं. डबा उघडलाच नाही. तसाच घेऊन तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी केवळरामच्या आरडाओरड्यानं गाव जागं झालं. दोन्ही बांध्या झोपल्या होत्या. लोंब्या चिखलात, कडेचे धुरे उकरलेले. सगळ्यात जास्त तुडवण भोंग्याच्या खाली होती. डुकरं तिथं घोळका करून बसली असावीत, कीर्तनाला बसतात तशी. भोंगा अजून गोड बोलत होता.

“पळतीन म्हने जंगल सोडून!” केवळराम काठी नाचवत होता. “बलाव तुया नातीले. काय सांगून राहिली होती ही बाई रातभर, आयकू दे मले.”

रविता धावत आली. तिनं शेत पाहिलं, भोंगा ऐकला, आणि ओढणी तोंडावर धरली.

“बोल ना व पोरी.”

“पाटीलबाबा, पयलाच धडा फिरून फिरून लागून राहिला हाय. पावना घरी आला की कसं इचारावं, त्याचा.”

“काय इचारते?”

“भात खाल्ला का, म्हनून.”

केवळरामनं आपल्या बांधीकडे पाहिलं, मग भोंग्याकडे, मग काठी टेकून खाली बसला.

रविता आजोबांजवळ आली. “आबाजी, हे कार्ड मशीनचं होतं? मंग आजीचा आवाज कुठं हाय?”

झामसिंगनं चिखलातली एक लोंबी उचलली, फुंकर मारून साफ केली, पुन्हा टाकून दिली. रामबाई रोज धमकी द्यायची, येतोस की टाकू डुकरांसमोर. शेवटी तिनं टाकलाच भात.

“तुले पायजे होतं ना कोरियन,” तो म्हणाला. “तिची जागा लागली त्याले.”

रविताच्या लक्षात आलं. ती तिथंच बांधावर त्याच्याशेजारी बसली. काल संध्याकाळचा डबा न उघडता परत आलेला तिनं चुलीजवळ पाहिला होता. ती त्याबद्दल विचारणार, तेवढ्यात भोंग्यातली बाई थांबली, आणि पुन्हा त्याच गोड आवाजात तिनं तेच विचारलं.

झामसिंगनं मान वर करून भोंग्याकडे पाहिलं.

“डुकरायनं खाल्ला, बाई,” तो म्हणाला. “मी राहिलो.”