कानगुरूंची शिकवणी

चष्मेवाल्यांच्या मुलीचं लग्न परदेशी मुलाशी ठरलं. व्याही-विहीण घरी राहायला येणार, असं कळताच त्यांनी जाहीर केलं की आपण त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणार. मुलगी म्हणाली, मी आहे ना मध्ये सांगायला. पण लेकीच्या सासऱ्यांशी दुसऱ्याच्या तोंडानं बोलणं काही त्यांना पटेना.

भाषा पुस्तकातून येत नाही, तिथल्या माणसाच्या तोंडून उचलावी लागते, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. शोधता शोधता फोनवर त्या देशातले एक आजोबा सापडले. आजोबांना बोलायला माणूस हवं होतं, यांना ऐकायला. रोज चष्म्यांचं दुकान उघडायच्या आधी व्हिडिओ कॉल होई. आजोबा मात्र जुन्या सवयीनं फोन कानाला लावत, त्यामुळे पडद्यावर नुसता कान दिसे. चष्मेवाल्यांच्या बायकोनं त्यांचं नाव कानगुरू ठेवलं.

शिष्य जिद्दीचा निघाला. कानगुरूंचा फुसफुसाट, मधला बुडबुडा, शेवटची शिट्टी, सगळं त्यानं हुबेहूब उचललं. सरावाच्या वेळी समोरच्या गिऱ्हाइकाला चष्मा पुसून घ्यावा लागे. "तुम्ही अगदी माझ्यासारखं बोलता," असं कानगुरू म्हणाले, तेव्हा चष्मेवाले दिवसभर तरंगत होते.

पाहुणे आले. चष्मेवाल्यांनी दारातच स्वागताचं लांबलचक वाक्य टाकलं. व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं, विहीणबाईंनी चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे, आणि त्यांचे डोळे मायेनं भरून आले. व्याह्यांनी उत्तरादाखल काहीतरी म्हटलं, पण त्यातलं अक्षरही चष्मेवाल्यांना कळलं नाही. प्रवासाचा शीण, बोलणं जडावलं असेल बिचाऱ्यांचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

जेवताना विहीणबाईंनी चष्मेवाल्यांच्या ताटातले बटाटे काट्यानं मऊ कुस्करून दिले. ही त्यांच्याकडची रीत असावी, असं समजून चष्मेवाल्यांनी व्याह्यांची भाजी कुस्करली. विहीणबाईंनी यांचा पाव दुधात भिजवला. यांनी व्याह्यांचा भिजवला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र बायकोनं लेकीला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, मी एवढं राबून रांधते आणि ही मंडळी त्याचा चिखल करतायत. विचार तरी, का ते."

मुलगी विचारून आली ती ओठ घट्ट मिटूनच.

"बाबा, त्यांना वाटतंय तुझ्या तोंडात एकही दात नाही. तुझ्या गुरूंना आहेत का रे दात?"

चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथं कॉल लावला आणि फोन तोंडासमोर धरायची विनंती केली. कान सरकला. गाल आला. मग एक भलंमोठं, गुलाबी, निर्मळ हसू आलं. त्यात पांढरं असं काहीच नव्हतं.

चष्मेवाल्यांनी त्यानंतर तोंडच उघडलं नाही. लाजेनं गप्प बसलेला माणूस आणि रागानं गप्प बसलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. व्याह्यांना वाटलं, सोयरे रुसले, आता लग्नाचं काही खरं नाही. दुपारी ते हळूच गॅलरीत येऊन चष्मेवाल्यांशेजारी बसले. विहीणबाई आसपास नाहीत, याची त्यांनी खात्री केली. मग तोंडात बोटं घालून वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही बशीत ठेवल्या आणि बोलू लागले.

चष्मेवाले ताडकन सरळ झाले. शब्द न् शब्द कळत होता.

"नवीन बसवल्यात. जीव जातो माझा," व्याही सांगत होते, "पण बायको चारचौघांत काढू देत नाही. तुम्ही दारात बोललात ना, तेव्हा वाटलं, चला, या घरात एक तरी आपलं माणूस आहे."

चष्मेवाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा फुसफुसाट सुरू केला. ऊन उतरेपर्यंत दोघं एकमेकांवर तुषार उडवत बोलत राहिले. मुलगी चहा घेऊन आली आणि बराच वेळ कान देऊन उभी राहिली. ती भाषा तिनं कॉलेजात रीतसर शिकली होती, तरी तिला ओ की ठो कळेना.

"काय बोलताय तुम्ही?"

"तुला नाही समजायचं, बाळा," चष्मेवाले मायेनं म्हणाले. "तुला अजून सगळे दात आहेत."