महाराजांना वर ढकलण्याचा हिशेब

एका जंगलात, मुलांनो, हिवाळा इतका कोरडा पडायचा की नुसती शेपटी हलवली तरी चट्ट असा आवाज व्हायचा. कुणी कुणाची गळाभेट घेतली की दोघांनाही झटका बसायचा. म्हणून तिथे नमस्कार लांबूनच करत. हसू नका. याचा पुढे उपयोग आहे.

तिथल्या पिल्लापिल्लाला एक गोष्ट पाठ होती. सावरीच्या कापसावर पाठ घासली की अंगात धनप्रभार येतो. सागाच्या खरबरीत पानावर घासली की ऋणप्रभार येतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. वेगळे प्रभार एकमेकांना ओढतात. तुम्हाला हे मोठ्या वर्गात शिकवतात आणि तरीही तुमचं चुकतं. त्यांचं कधी चुकत नसे. निदान मुद्दाम चुकवेपर्यंत तरी नाही.

या जंगलाचे राजे होते प्रचंडराव सिंह. त्यांना एक दिवस वाटलं की आपलं सिंहासन उंचावर हवं. जवळच एक गोल टेकाड होतं. महाराज म्हणाले, "इथे मांडा."

झालं! त्या टेकाडाच्या पोटात साळू नावाच्या साळिंदरीचं बीळ होतं. बिळात तिची दोन पिल्लं होती, टोचू आणि बोचू. सिंहासन म्हणजे केवढा थोरला काळा दगड! तो वर ठेवला असता तर बिळाचं छप्पर खाली आलं असतं.

साळू धावत आली. घाबरली होती, पण डोकं ताळ्यावर होतं.

"महाराज," ती म्हणाली, "दगडावर काय, कुणीही बसतं. आपण तरंगायला हवं!"

"तरंगायला?"

"अधांतरी! खाली काही नाही, वर काही नाही. मधे फक्त आपण."

महाराजांनी डोळे मिटले आणि स्वतःला अधांतरी पाहिलं. फार छान दिसत होते.

"जमलं तर टेकाड तुझं," ते म्हणाले. "नाही जमलं तर दगड त्याच दिवशी येईल."

साळू हिशेबाला बसली. ती आपल्याच पाठीचा एक काटा उपटून वाळूत आकडे लिहायची. चुकलं की काटा मोडायचा, मग दुसरा उपटायचा. त्यामुळे ती फार चुकत नसे. तुम्हालाही असं करायला लावलं पाहिजे.

हिशेब झाल्यावर तिने सहा मानकऱ्यांना बोलावलं. अस्वल, लांडगा, तरस, रानडुक्कर, सांबर आणि नीलगाय.

"टेकाडाभोवती सारख्या अंतरावर गोल उभं राहायचं," ती म्हणाली. "महाराज मधोमध, उंचावर. सगळ्यांनी सावरीच्या कापसावर सारखंच घासून यायचं. महाराजही धन, तुम्हीही धन. एकेकाचा रेटा वेगळा धरायचा, दिशेसकट. पश्चिमेचं अस्वल महाराजांना पूर्वेला आणि वर ढकलेल. पूर्वेचं रानडुक्कर पश्चिमेला आणि वर. मग सगळे रेटे एकत्र करायचे. आडवे रेटे एकमेकांना खाऊन टाकतील. वरचे तेवढे उरतील."

"आणि आम्ही जरा पुढे सरकलो तर?" लांडग्याने विचारलं. महाराजांच्या जवळ सरकायची सवय दरबारात सगळ्यांनाच होती.

"मुळीच नाही! अंतर निम्मं झालं की रेटा चौपट होतो. दुप्पट झालं की चौथाई उरतो. आणि कुणी ऋण होऊन आलं तर महाराज त्याच्याच बाजूला झुकतील. चोर तिथल्या तिथे सापडेल."

मग रंगीत तालीम झाली. महाराजांच्या जागी साळूने रुईच्या बोंडातली एक म्हातारी, म्हणजे हवेत तरंगणारं केसाळ बी, सोडली, तिच्याच मापाचा धनप्रभार देऊन. म्हातारी टेकाडावर अधांतरी उभी राहिली. ना खाली, ना वर! टोचू आणि बोचू बिळाच्या तोंडाशी टाळ्या पिटू लागले. साळूला आनंदाने रडू आलं.

तालमीला महाराज नव्हते, हे लक्षात ठेवा.

समारंभाच्या सकाळी अस्वल सावरीकडे निघालं आणि अर्ध्या वाटेत थबकलं. 'मी महाराजांना ढकलू?' त्याच्या मनात आलं. 'सगळ्या दरबारादेखत? बाकीचे पाच ढकलतील की! मी एकटाच ओढला गेलो तर महाराजांच्या नजरेत भरेन.' ते हळूच सागाकडे वळलं.

सागामागून लांडगा येत होता.

"पाठ खाजत होती," लांडगा म्हणाला.

"माझीही," अस्वल म्हणालं.

थोड्या वेळाने तिथे तरस आलं. त्याचीही पाठ खाजत होती. मग रानडुक्कर. मग सांबर. नीलगाय आली तेव्हा सागाला पान शिल्लक नव्हतं, तिने खाली पडलेल्या पानांत लोळून घेतलं.

आता गंमत बघा. सहाही जण ऋण झाले होते. म्हणजे ते एकमेकांना तालमीइतकेच ढकलत होते. गोल अगदी तसाच दिसत होता. साळूला शंका यावी असं काहीच नव्हतं.

तरी ती म्हणाली, "महाराज, एकदा म्हातारी सोडून बघू."

"म्हातारी कशाला? मी आहे ना!"

महाराज कापसात मनसोक्त लोळून आले होते. आयाळीचा एकेक केस उभा होता. वानरांनी त्यांना वेलींच्या झोपाळ्यात बसवून टेकाडावर धरलं. ढोल वाजले. साळूने पंजा वर केला आणि वानरांनी वेली सोडल्या.

महाराज वर गेले नाहीत. झुकलेही नाहीत. नाकासमोर सरळ खाली आले, आणि ते नुसते पडले असते त्याहून जोरात आले. धाडकन्! त्याच क्षणी सहाही मानकरी जागेवरून उडाले आणि त्यांना येऊन चिकटले. चटचट ठिणग्या उडाल्या. सगळ्यांचा प्रभार एका क्षणात फिटून गेला.

पण सुटेना कुणी! प्रभार गेला म्हणून काय झालं? महाराजांची मिठी आधी कोण सोडणार?

बिळात माती गळली. टोचू आणि बोचू किंचाळले. साळूचे उरलेसुरले काटे उभे राहिले.

"साळू!" ढिगाच्या तळातून आवाज आला. "कुणी फितुरी केली?"

"महाराज, एकाने केली असती तर आपण त्याच्याकडे झुकला असता. आपण तर सरळ खाली आलात."

"म्हणजे कुणीच केली नाही!"

साळूने तोंड उघडलं. सहा जोड डोळे तिच्याकडे बघत होते. तिने तोंड मिटलं.

"मग मी पडलो कसा?"

"प्रेम, महाराज!" अस्वल त्यांच्या मांडीवरून म्हणालं. "आम्हाला राहवलंच नाही."

महाराजांना भरून आलं. "ऐकलंस, साळू? एवढं प्रेम, आणि तू ते हिशेबात धरलं नाहीस! आणा रे दगड!"

साळूने पाठीवरचा सगळ्यात लांब काटा उपटला.

"चुकलं, महाराज. आता धरते. सहा जणांचं प्रेम, सगळं ओढीचं. सिंहासन इथे म्हणजे दरबार इथे. दरबार इथे म्हणजे अंतर कमी. निम्म्या अंतराला चौपट प्रेम, त्याच्या निम्म्याला सोळापट..."

सोळापट ऐकून रानडुकराने महाराजांचा गळा आणखी घट्ट धरला. बाकीचे पाच मागे कसे राहतील?

"आणि... अंतर... वाढवलं तर?" महाराजांनी कसंबसं विचारलं.

"दुप्पट केलं की चौथाई. नदीपलीकडची टेकडी धरली, तर आपल्याला श्वास घेता येईल."

"पलीकडे न्या दगड!" महाराज ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

"आम्हीही येतो!" सहाही जण म्हणाले.

"खबरदार! तुम्ही इथूनच प्रेम करा!"

तेव्हापासून महाराज नदीपलीकडे असतात आणि मानकरी अलीकडून लांबूनच नमस्कार करतात. दोन्हीकडची तब्येत उत्तम आहे.

संध्याकाळी साळू बिळाची गळलेली माती लिंपत होती. बोचूने विचारलं, "आई, राजा उडाला का गं?"

"उडाला, बाळा," साळू म्हणाली. "पार नदीपलीकडे."

तात्पर्य: मुलांनो, राजाला फसवायचं तर कधीही एकट्याने फसवू नये. एकाने चिन्ह बदललं तर राजा तिरका पडतो आणि चोर सापडतो. सगळ्यांनी मिळून बदललं तर राजा सरळ पडतो आणि त्याला निष्ठा म्हणतात. आणि तुमचं घर राजाच्या सिंहासनाखाली येत असेल, तर त्या निष्ठेला नावं ठेवू नका. तिला फक्त चारने गुणत जा.