एफ सात आणि आमची ही

वीस वर्षं मोटारींमध्ये काढलीत मी! आमच्या साबणाच्या कारखान्यात मोटार बंद पडली, की नुसता वास घेऊन तिचं दुखणं सांगतो. कोड-बिड वाचायची मला गरजच काय?

पण पाच महिन्यांपूर्वी कारखान्यात एक नवा तंत्रज्ञ आला, ज्याला सगळे कोडबुवा म्हणतात. इस्त्रीचा शर्ट, नाकावर चष्मा. मोटारीला ताब्यात ठेवणाऱ्या डब्यावर, म्हणजे ड्राइव्हवर, लाल कोड उमटला, की हा दोन मिनिटांत साबण वाहून नेणारा पट्टा चालू करून मोकळा! बरं, करू दे की! पण आमची ही त्याच पट्ट्यावर पॅकिंगला. रोज जेवताना कोडबुवापुराण! "कोडबुवांचं कसं, आधी विचारतात, मग हात लावतात." घास माझ्या घशात पान्यासारखा अडकायचा!

परवा सकाळी पट्टा थांबला. ड्राइव्हवर एफ सात. ही कोडबुवाला फोन लावणार, तोच मी समोर उभा!

"त्याला कशाला? मी मेलोय का?"

"अहो, आधी माझं ऐका तरी..."

"एक शब्द नको!"

रीसेट केलं. पट्ट्याने उचकी दिली आणि ठप्प! पुन्हा रीसेट, पुन्हा उचकी. मग मी मोटारीला नाक लावलं. साबणाच्या कारखान्यात वास कसला येणार? गुलाबाचा!

"मोटार जळली!" मी ठोकून दिलं.

"अहो..."

"थांब गं!"

चार माणसं लावून मोटार उतरवली, नवी चढवली. दोन तास गेले. मागे साबणांचा डोंगर! मॅनेजरसाहेब घड्याळाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायला लागले. बटण दाबलं. उचकी. एफ सात!

शेवटी साहेबांनीच कोडबुवाला बोलावलं. त्याने थेट हिलाच विचारलं, "वहिनी, कुठे?"

"शेवटच्या रोलरखाली. दोन तास सांगतेय!"

त्याने वाकून एक चेपलेलं खोकं ओढून काढलं. पट्टा भुर्रकन सुरू!

"कमाल आहे तुमची!" साहेब त्याला म्हणाले.

"माझी कसली? एफ सात म्हणजे मोटारीवर जास्त ताण, एवढंच मला कळतं. पट्टा कुठे अडतो ते वहिनींच्या वहीत आहे. नऊ वर्षांच्या नोंदी! आल्या आल्या मी तीच मागून घेतली."

मी हिच्याकडे वळलो. "मला का नाही दाखवलीस?"

"दाखवली होती. दोनदा. तुम्ही तिच्यावर चहाचा कप ठेवलात."

तेव्हापासून कोडबुवावर जळणं मी सोडलंय. आता घरातल्या घरातच जळतो. तेवढीच पायपीट वाचते!