बाईंना पाणी देऊ नका

शाळेसाठी हृदयाचं मॉडेल करून झालं, तेव्हा भिंगरीकडे चेंडूएवढा क्लेचा गोळा उरला. हवेवर वाळणारा क्ले. पाकीट एकदा फोडलं की आठवडाभरात त्याचा धोंडा होणार. आणि या घरात काही टाकून देणं म्हणजे पाप. आई शिवणकाम करायची आणि बोटभर चिंधीसुद्धा ‘लागेल कधीतरी’ म्हणून डब्यात जपायची. नववीतली भिंगरी त्याच झाडाचं फळ. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाला बूट मिळाला, कपाटाला मूठ मिळाली, कापड बेतताना वर ठेवायला आईला चार वजनं मिळाली आणि बेसिनच्या हरवलेल्या बुचाच्या जागी झोकात नवं बूच बसलं. तरी गोळा संपेना.

तेवढ्यात आईचं घोडं अडलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांचा, म्हणजे मोठ्या बाईंचा, कोट शिवून तयार होता. शनिवारच्या बक्षीस समारंभात त्या तो घालणार होत्या. कोट पसंत पडला तर गायनवृंदाचे चाळीस गणवेश आईकडे येणार. नाही पडला तर चौकातल्या टेलरकडे जाणार. आणि बाईंना हवी तशी मोठी तपकिरी बटणं अख्ख्या बाजारात मिळत नव्हती.

“मी करते ना,” भिंगरी म्हणाली.

“बटणं म्हणजे काय कागदाची होडी आहे, घडी घातली की झाली?”

पण दोन दिवस पंख्याखाली वाळवलेली, पोस्टर कलरने रंगवलेली सहा बटणं समोर आली, तेव्हा आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुकानातल्या बटणांनी मान खाली घालावी अशी होती. शुक्रवारी कोट बाईंच्या घरी पोचलासुद्धा.

शनिवारी सकाळी आईने नवं बूच लावून बेसिनमध्ये रुमाल भिजत घातले. भिंगरीचे दात घासून होतात तोवर पाणी गायब, रुमालांवर चिखल आणि बुचाचा पत्ता नाही. दोघी बेसिनकडे बघत राहिल्या. मग एकमेकींकडे.

“आज बाईंवर एक थेंब पडता कामा नये,” आई हळूच म्हणाली. “समारंभ संपला की काहीतरी कारण काढून कोट परत आणते मी.”

भिंगरी शाळेत पोचली तर शिपाईकाका पाण्याचा पेला घेऊन बाईंच्या खोलीकडेच निघालेले. तिने दारातच त्यांना गाठलं.

“काका, बाईंना पाणी देऊ नका.”

“का गं?”

कारण आधीच ठरवून ठेवायला हवं होतं. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

काकांचा चेहरा उतरला. ते चहा घेऊन आले. चहाही चालत नाही म्हटल्यावर चेहरा आणखी उतरला. सरबताचं विचारलं, तेव्हा भिंगरीने पातळ असं काहीच चालत नाही म्हणून एकदाचा निकाल लावला.

काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. दहा मिनिटांत शिक्षकांच्या खोलीत शोककळा पसरली. आपल्या चुलत साडूला हाच आजार झाला होता, असं चित्रकलेचे सर म्हणाले आणि पुढे काय झालं ते सांगायचं त्यांनी टाळलं. बाई अंगणात रोप लावायला गेल्या, तर दर चार पावलांवर कोणीतरी मागे खुर्ची सरकवे. झारी भिंगरीने स्वतःच्या ताब्यात घेतली. पाहुण्यांचा पुष्पगुच्छ ओला निघाला, तो तिने धुतलेल्या कपड्यासारखा झटकला. अर्ध्या पाकळ्या तिथेच गळाल्या.

ही बातमी शेवटी प्रमुख पाहुण्यांच्या कानावर गेली. भाषणाला उभं राहताच ते भरल्या आवाजात म्हणाले, इतक्या असाध्य आजारातही बाई आज आपल्यात आहेत. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

बाई चक्रावल्या. त्यांना कसलाही आजार नव्हता, फक्त सकाळपासून घशाला कोरड पडली होती. पण बावीस वर्षांत या शाळेत कोणी त्यांच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले.

पहिल्या रांगेतून भिंगरीला तो थेंब दिसला. गालावरून निघाला, हनुवटीशी थबकला. रुमाल घेऊन ती व्यासपीठावर झेपावली, पण अर्धं पाऊल उशीर झाला. थेंब बरोबर वरच्या बटणावर पडला आणि तपकिरी ओघळ निघाला. तिने घाईघाईने पुसलं, तर अर्धं बटण रुमालात आलं.

बाईंनी तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं, रुमालातला तुकडा उचलला आणि श्रोत्यांकडे हसत, ओठ न हलवता विचारलं, “हे काय आहे?”

“क्ले, बाई. उरलेला.”

“आणि माझा आजार?”

“तोही त्यातलाच.”

मग तिने कुजबुजत सगळं सांगून टाकलं. चाळीस गणवेश, बूच, आणि यात आईचा काही दोष नाही हे तीनदा. तिसऱ्या रांगेत आई कार्यक्रमपत्रिकेमागे तोंड लपवून बसली होती.

पाहुणे नुकतेच ‘थोडक्यात सांगायचं तर’पर्यंत आले होते, म्हणजे अजून अर्धा तास नक्की. बाईंच्या बोटांत तो ओला तुकडा तसाच होता. बोटं तो मळू लागली. पाच मिनिटांत त्याला सोंड फुटली, मग कान. तळहातावर बोटाच्या पेराएवढा हत्ती उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसरं बटण उपटलं. ते टणक होतं.

“काका,” त्यांनी खूण केली, “पाणी आणा.”

काकांनी घाबरून भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने मान डोलावली. बाईंनी अर्धा पेला घटाघटा रिकामा केला आणि उरलेल्या अर्ध्यात राहिलेली पाचही बटणं सोडली.

समारंभानंतर आई खाली मान घालून समोर आली. बाईंचा कोट सताड उघडा होता आणि खिशातून एका जिराफाची मान डोकावत होती.

“गणवेश तुम्हीच शिवा,” बाई म्हणाल्या. “कोट अंगावर छान बसलाय. गणवेशांना मात्र खरी बटणं लावा.”

“हो बाई. आणि या कोटालाही उद्याच खरी—”

“छे, कोटाला हीच. या महिन्यात अजून तीन समारंभ आहेत.” मग त्या भिंगरीकडे वळल्या. “पुढच्या वेळी जरा मोठी कर. पाहुण्यांनी आवरतं घेण्याआधीच माझी माती संपली.”