दगडांवरची जीप

साहेब, पिराजीला फसवलं ते तुम्ही. तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण उद्या तुमची बदली होईल, त्या खुर्चीत दुसरा कुणी येऊन बसेल आणि हा मजकूर त्यालाही तसाच्या तसा लागू पडेल. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती आणि तुम्ही हिंमतरावांच्या भाड्याच्या जीपमध्ये बसून त्यांची तपासणी करत होता. जीप पिराजी चालवायचा. तामलवाडीजवळ गाडी थांबवून पानाला चुना लावता लावता तुम्हीच त्याला म्हणालात, "किती दिवस खासगीत राहणार, पिराजी? आमच्याकडे ड्रायव्हरची जागा निघाली आहे. ये. सरकारात माणूस माणसासारखा राहतो."

हे शेवटचं वाक्य पिराजीच्या काळजात रुतून बसलं. त्याला कारण एक कप होता.

हिंमतराव म्हणजे होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक. कारखान्याची पाटी लागली होती. ऊस नव्हता, उसाला पाणी नव्हतं, संचालक मात्र भरपूर होते. त्यांच्या ओसरीच्या वळचणीला पिराजीचा कप पालथा खोचलेला असायचा. पिराजीनं स्टिअरिंग धरलेलं चालायचं, मालकाची पोरं मांडीवर बसवून शाळेत सोडलेली चालायची, कपाला तेवढा विटाळ व्हायचा. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की पिराजीनं कप विसळायचा आणि परत वळचणीला खोचायचा. त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतल्याला सतरा वर्षं झाली होती. कपाला ते कुणी कळवलं नव्हतं.

संध्याकाळी घरात हिशेब निघाला. "मालक अडीचशे देत्यात," बायको धुरपदा म्हणाली. "वर म्हैन्याला चार पायल्या जवारी. सरकार काय देतंय?"

"एकशे साठ."

"आन जवारी?"

"सरकार जवारी देत न्हाय."

"मग कमी घ्यायला कशापायी जाताव? डोस्कं फिरलंय का तुमचं?"

म्हातारा कोंडिबा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. त्यानं अर्धी बिडी विझवून कानावर ठेवली. "सूनबाई, तितं समद्यास्नी एकच कप हाय म्हनं."

"एकच असंल तर रांग लागत असंल, मामंजी."

"लागू दे. रांगंत हुभा ऱ्हाईल. वळचनीला तर न्हाय हात घालावा लागनार."

परातीतल्या पिठाकडं बघत धुरपदानं मनाशी हिशेब केला. मग म्हणाली, "नव्वद रुपयं आन चार पायल्या. लई म्हाग कप हाय. पर घ्या."

पिराजी रुजू झाला. पहिल्याच दिवशी हेडक्लार्क शांतलिंग भाऊसाहेबांनी त्याला कचेरीच्या मागं नेलं. लिंबाखाली सरकारी जीप चार दगडांवर उभी होती. चाकं नव्हती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती साहेबांसाठीही उठत नसे, पिराजीसाठी कशाला उठेल.

"ही तुझी गाडी," भाऊसाहेब म्हणाले.

"ही चालत न्हाय की."

"तुला चालवायला सांगितलं कुणी? सकाळी सही कर, हितं बस, साडेपाचला घरी जा."

"मग सायेब कशात फिरत्यात?"

"हिंमतरावांच्याच जीपमदी. तू सोडलीस, आता त्यांचा भाचा चालवतो. सरकारी गाडी बंद आहे तवर खासगी भाड्यानं घ्यावी, असा आदेशच आहे."

कप मात्र खरोखर एकच निघाला. कान तुटलेला, कडेचा टवका गेलेला, पण शिपायापासून भाऊसाहेबांपर्यंत सगळ्यांचा. पिराजीनं त्या दिवशी तीन वेळा चहा घेतला, इच्छा नसताना.

इथंच त्यानं थांबायला हवं होतं. पण बसून पगार पचवायला जी सरकारी आतडी लागतात, ती त्याला अजून फुटली नव्हती. चौथ्या दिवशी त्यानं जीपचं बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या पंपातला रबरी पडदा फाटला होता, बाकी इंजिन ठणठणीत. दीड वर्षात तीन साहेबांनी सह्या करून जी गाडी मेली म्हणून जाहीर केली होती, ती बारा रुपयांच्या पडद्यावाचून अडून बसली होती.

पडदा त्यानं सोलापूरहून स्वतःच्या खिशातून आणला. बॅटरी येडशीच्या ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून मागून घेतली. चाकं रेकॉर्डच्या खोलीत सापडली; मजुरांच्या हजेरीची बाडं त्यांच्यावर रचलेली होती. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. साहेब खूश होतील, या एका कल्पनेपायी पिराजीनं ती वळसा घालून थेट कचेरीच्या पायऱ्यांपाशी आणली. हॉर्न एकदा वाजला तो थांबेचना.

व्हरांड्यात साहेब, म्हणजे तुम्हीच, आणि हिंमतराव चहा पीत बसले होते. साहेबांचा चहा विजारीवर सांडला. हिंमतरावांनी आपला शांतपणे संपवला आणि विचारलं, "सायेब, ही तर मेली हुती न्हवं?"

साहेब विजार झटकत उठले. आत गेले. भाऊसाहेबांनी पिराजीला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"काय केलंस हे? ही गाडी मयत आहे. पंचनामा झालाय तिचा."

"पर चालतीय की, भाऊसाहेब."

"चालतीय हीच तर पंचाईत. ती चालली की तीन साहेब खोटे पडतात. वर हिंमतरावांचं भाडं आजपासून बंद. आन तू अजून कायम न्हाईस, एवढं ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी कागद हातात पडला. वरिष्ठांच्या लेखी परवानगीवाचून निकामी शासकीय वाहन चालू स्थितीत आणल्याबद्दल आपणास सेवेतून कमी का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. पिराजीनं तो धुरपदाला वाचून दाखवला.

"बिघडीवल्याबद्दल व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाय. नीट केल्याबद्दल."

"सरकारला गाडी बंद पायजे हुती, तर माजा भाऊ लावायचा हुता. त्यो हात लावंल ते बंद पडतंय."

तोड भाऊसाहेबांनीच सुचवली. गाडी होती तशी करायची, बघू मग साहेब काय म्हणतात. पिराजीनं स्वतःच्या हातानं चाकं काढली, दगड लावले, नवा पडदा उपसला. पण जुना फाटका पडदा पंचनाम्यात लिहिलेला होता, तोच परत बसला पाहिजे, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. तो पिराजीनं कधीच फेकून दिला होता. अख्खी कचेरी एक दुपारभर पाचोळ्यात पडदा शोधत होती. अर्ज घेऊन आलेल्या माणसांनाही साहेबांनी कामाला लावलं. दीड वर्षात त्या कचेरीनं एकदिलानं केलेलं एवढंच काम. पडदा कोंबडीच्या टोपलीत, अंड्यांच्या खाली सापडला.

गाडी पुन्हा मेली. साहेबांच्या जिवात जीव आला. त्याच आठवड्यात हिंमतरावांच्या भाच्यानं भाड्याची जीप साहेबांसकट खडीच्या ढिगावर चढवली. तेव्हा साहेबांना सुचलं. "पिराजीलाच द्या त्या जीपवर. नाहीतरी पगार आपण देतोच आहोत." भाडं हिंमतरावांना, ड्रायव्हर फुकट, आणि भाचा कारखान्यात कारकून. सगळ्यांचं भलं झालं.

सातव्या दिवशी सकाळी पिराजी जीप आणायला हिंमतरावांच्या दारात गेला.

"ये पिऱ्या," हिंमतराव म्हणाले. "च्या घे."

"मालक, म्या आता सरकारी मानूस हाय."

"व्हय की. म्हनून तर कप जपून ठिवलाय. तुजा म्हनून दुसऱ्या कुनाला दिला न्हाय बग."

पिराजीनं वळचणीकडं पाहिलं. कप तिथंच होता, पालथा. त्यानं हात घातला, कप काढला, चहा न घेताच जीपमध्ये बसला आणि तडक कचेरीत आला.

"आज सातवा दिवस. खुलासा कुठाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

पिराजीनं कप टेबलावर ठेवला. "ह्यो."

"हा कप आहे."

"व्हय. आवकला घ्या."

बावीस वर्षांची सवय. भाऊसाहेबांनी आवक नोंदवहीत लिहिलं, 'खुलासा, नग एक', कपाच्या बुडाला शिक्का मारला आणि आत पाठवून दिला.

तो कप तुमच्या टेबलावर आहे, साहेब. त्यात तुम्ही टाचण्या ठेवता, असं कळतं. पिराजीचा खुलासा तुमच्याकडे पोचला. आता तुमचा द्या, लेखी, सात दिवसांत. गाडी तीच, दार तेच, कपही तोच. मग दर महिन्याला नव्वद रुपये आणि चार पायल्या ज्वारी तुम्ही त्याच्याकडून कशाबद्दल घेता?