सासूबाईंची फणी आणि पहिली यादी

मी अभ्यास करायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

पन्नाशीनंतर माणसानं काही गोष्टी करू नयेत. झाडावर चढू नये, नवी चप्पल घालून लांब चालू नये आणि खात्याची परीक्षा देऊ नये. पहिल्या दोन मी कटाक्षानं पाळल्या. परीक्षा मात्र दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा नापास झालो होतो. माझ्यामागून आलेला टायपिस्ट आता चाकांच्या खुर्चीवर बसतो आणि मला "जरा ती फाइल" म्हणतो. म्हटलं, शेवटचा प्रयत्न करून बघू.

आमचं ऑफिस वन्यजीवांच्या व्यापाराचे परवाने देतं. (पाहुण्यांना वाटतं मी वाघसिंहांत वावरतो. मी रजिस्टरांत वावरतो.) देशाबाहेर जाणारी आणि बाहेरून येणारी कातडी, शिंगं, पिसं, लाकूड, रोपं हे सगळं आमच्याकडून पास व्हावं लागतं. मी आवक रजिस्टर लिहितो. एकोणीस वर्षं लिहितोय. अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात, बाकी काही म्हणत नाहीत.

परीक्षेत मुख्य विषय म्हणजे तीन याद्या. कुठला प्राणी, कुठली वनस्पती कोणत्या यादीत आणि का. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत घोकत होतो. "पहिली यादी, जे नामशेष व्हायच्या बेतात आहेत, त्यांचा व्यापार बंद. दुसरी, अजून तशी वेळ आलेली नाही, पण लक्ष ठेवलं नाही तर येईल, म्हणून परवाना लागतो. तिसरी, एखादा देश म्हणतो आमच्याकडे याला संरक्षण आहे, इतरांनी मदत करावी."

बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, "म्हणजे माझं कपाट. वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही, मधल्यातलं विचारून घ्यायचं, आणि खालचं माझ्या माहेरचं आहे, जरा जपून."

एकोणीस वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते तिला एक पातेलं पुसेपर्यंत कळलं. ती शाळेत गणित शिकवते. चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करते, घरी तर एकटा मीच.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण हसण्यासारखं जे काही आहे ते इथे संपत येतं. आई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तीन वर्षांपासून आमच्याकडे असतात आणि तीन वर्षांपासून रोज थोड्या थोड्या आमच्यातून जातायत. आधी नावं गेली, मग वार गेले, मग खोल्या गेल्या. दिवसभर खुर्चीत बसून बायकोला "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" असं आदरानं विचारतात. पोटच्या पोरीला अहोजाहो. ती ते ऐकते आणि वह्या तपासायला घेते.

पण संध्याकाळी सहाला बायको त्यांचे केस विंचरायची, अंबाडा घालायची आणि त्यात त्यांची जुनी फणी खोचायची. मधाच्या रंगाची, काळसर ठिपक्यांची, बोटभर दातांची. सासऱ्यांनी लग्नानंतर आणलेली. फणी बसली की आई हात मागे नेऊन ती चाचपायच्या आणि म्हणायच्या, "ठमे, आलीस होय शाळेतून? भूक लागली असेल." मग दहा मिनिटं, फार तर पंधरा, मायलेकी बोलायच्या. बायकोच्या दिवसभरात आई तेवढीच होती. मी त्या वेळेला त्या खोलीत जात नसे. मला एवढी तरी अक्कल होती.

तर अभ्यास. साहेब मला म्हणाले होते, "पाठ करू नका हो. उदाहरणं शोधा. घरात डोळे उघडे ठेवून फिरा." साहेब भला माणूस. मला वाक्य शब्दशः घ्यायची सवय आहे हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

मी चिठ्ठ्या केल्या आणि घरभर चिकटवत सुटलो. खिडकीतलं निवडुंग: यादी दोन. (थोडे अपवाद सोडले तर निवडुंगाचं अख्खं कुळ दुसऱ्या यादीत आहे. आमचं निवडुंग पाण्यावाचून जगतंय, त्याला हे कळलं तर ते शेफारेल.) शेजाऱ्यांनी दिलेलं ऑर्किड: यादी दोन. बायकोची अजगराच्या कातड्याची पर्स, इथे मात्र खात्री करायला हवी होती. पुस्तकात लिहिलं होतं, गरम सुई टोचून वास घ्यावा. टोचली. रेक्झिन निघालं. ती पर्स मीच तिला लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी अस्सल म्हणून दिली होती. मी चिठ्ठी न लावता पर्स परत ठेवली.

सुई गरमच होती. समोर टेबलावर फणी होती.

खऱ्या कासवाच्या पाठीला सुई लागली की केस जळल्याचा वास येतो, प्लॅस्टिकला औषधी घाण वास येतो. मी अगदी कडेला टोचली. केस जळल्याचा वास आला. मी डोळे मिटून तो पुन्हा घेतला. समुद्री कासव. यादी क्रमांक एक. आमच्या घरात. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की परीक्षा पास झाल्यासारखंच वाटलं.

"कसला वास येतोय?" बायकोनं आतून विचारलं.

"अभ्यास करतोय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फणी रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली. साहेबांना दाखवायची, एकदा "बरोबर" म्हणवून घ्यायचं आणि सहाच्या आत परत. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं, आणि मग मला ती नेता आली नसती.

आमच्या ऑफिसात प्राण्याच्या अंगाची कुठलीही वस्तू नोंद केल्याशिवाय आत येत नाही. हा नियम ज्या रजिस्टरावर चिकटवलाय ते रजिस्टर माझंच. कुणी बघत नव्हतं. खिशात घालून गेलो असतो तर दरवानानं उलट सलाम केला असता. पण एकोणीस वर्षांत मी एक नोंद चुकवलेली नाही. मी पेन काढलं. वस्तू: केसांची फणी, एक. जात: समुद्री कासव, यादी एक. कोठून: घर. कोठे: कार्यालय. हेतू: शैक्षणिक. परवाना क्रमांक: नाही.

अक्षर छान आलं होतं.

साडेदहाला साहेबांनी नेहमीप्रमाणे न बघता रजिस्टरवर सह्या केल्या. अकराला कोठीवाल्यानं नेहमीप्रमाणे पानभर नोंदींतल्या बिनपरवान्याच्या वस्तू उचलल्या आणि आतल्या सीलबंद खोलीत नेल्या. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये होतो. परत येऊन बघतो तर टेबलावर नुसता रुमाल.

"अहो, ती माझी फणी," मी कोठीवाल्याला म्हणालो.

"तुमची कशी? तिला प्रकरण क्रमांक पडलाय."

"पण ती मीच आणली."

"हो, तसंच लिहिलंय. आणणारा म्हणून तुमचं नाव आहे."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी रजिस्टर मागवलं, चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"ही यादी कशासाठी असते?" त्यांनी विचारलं.

"संरक्षणासाठी, साहेब."

"व्यापारासाठी. एका देशातून दुसऱ्या देशात माल जातो त्यासाठी. तुमच्या सासूबाईंच्या डोक्यात बसलेली फणी कुठे जात होती?"

"कुठेच नाही, साहेब."

"मग नोंद का केलीत?"

"सवय," मी म्हणालो.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, की आता पहिल्या यादीतली वस्तू विनापरवाना आमच्या कागदावर आली आहे, आणि ती खोलीबाहेर काढायला एकच वाट आहे. जुन्या वस्तूचा दाखला. यादी लागू व्हायच्या आधी फणी विकत घेतलेली होती एवढा पुरावा द्यायचा.

सहा वाजता घरी पोचलो. बायको फणी शोधत होती. गादी उचलून झाली होती, मोरी बघून झाली होती. मी सांगितलं. तिनं गादी परत जागेवर घातली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि हे तिला ठाऊक असावं.

त्या संध्याकाळी तिनं आपली प्लॅस्टिकची फणी खोचली. तीच लांबी, जवळपास तोच रंग. आईंनी हात मागे नेला, चाचपली आणि हळूच काढून तिच्या हातात दिली. "तुमची आहे ही, बाई," त्या म्हणाल्या. "राहू दे."

पुराव्यासाठी आम्ही फोटोंचा डबा उपसला. आईंचे तेरा जुने फोटो मिळाले. तेराही पुढून काढलेले. फणी डोक्याच्या मागे असते. उभ्या आयुष्यात एका माणसाला त्यांचा पाठमोरा फोटो काढावासा वाटला नव्हता. पावती असायचा प्रश्नच नव्हता. सासरे जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. यादी लागू झाली तेव्हा बायको पाळण्यात होती, तिची साक्ष चालत नव्हती. उरला एकच साक्षीदार.

साहेब रविवारी सकाळी स्वतः घरी आले. त्यांना यायची गरज नव्हती. कागद, शाई सगळं घेऊन आले आणि चपला बाहेर काढून आईंच्या समोर स्टुलावर बसले. "दोन ओळी पुरे," ते मला कानात म्हणाले. "कोणी आणली आणि कधी आणली."

बायकोनं आईंचा हात हातात घेतला होता. आई छान होत्या त्या दिवशी. साहेबांना "या, बसा" म्हणाल्या, पाणी द्यायला सांगितलं.

"आजी," साहेब म्हणाले, "तुमची एक फणी आहे ना? कासवाची?"

आईंचा चेहरा उजळला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"कोणी आणली हो ती?"

"आमच्या ह्यांनी," आई लाजून म्हणाल्या.

साहेबांनी लिहिलं. पहिली ओळ झाली. "आणि कधी आणली?"

"आणलेली नाही अजून," आई म्हणाल्या. "कबूल केलंय. पुढच्या महिन्यात नक्की म्हणालेत. गेल्याही महिन्यात असंच म्हणाले होते."

"आजी, आठवा बरं. लग्नानंतर लगेच का?"

"लग्नाला आता कुठे सहा महिने होतायत," आई म्हणाल्या. "एवढी घाई नका करू त्यांना."

साहेबांचं पेन थांबलं होतं. त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. आईंनी तीनदा तेच सांगितलं, दर वेळी जास्त खुशीत. फणी कशी असेल तेही सांगितलं, दुकानाच्या काचेत बघून ठेवली होती म्हणे, मधाच्या रंगाची. बायको उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

शेवटी साहेबांनी लिहिलं, कारण जबाबात साक्षीदार सांगतो तेच लिहावं लागतं: "सदर वस्तू अद्याप खरेदी केलेली नाही." जी वस्तू अजून घेतलीच नाही ती यादीच्या आधीची कशी असेल? अर्ज नामंजूर झाला. सही करताना साहेब माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

परीक्षा मी पास झालो. जुन्या वस्तूच्या दाखल्यावर वीस गुणांचा प्रश्न होता, त्यात मला वीस पडले. बढती मिळाली आणि नव्या पदाबरोबर सीलबंद खोलीची किल्ली माझ्याकडे आली. रोज सकाळी मी खोली उघडतो, वस्तू मोजतो. हस्तिदंत, शिंगं, आणि तिसऱ्या फळीवर ती, दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली.

"किल्ली तुमच्याकडे आहे," बायको एकदाच म्हणाली.

"नोंद आहे गं," मी म्हणालो. ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. मी त्या खोलीत कधी कधी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबतो. एकदा फणी रुमालात घेतलीसुद्धा होती. मग मोजणीत एक कमी भरली आणि मी ती परत ठेवली. मला स्वतःची लाज वाटते, आणि ती कुठल्या रकान्यात लिहायची ते कळत नाही.

जबाबानंतर आईंमध्ये एक फरक पडला. त्या वाट बघायला लागल्या. संध्याकाळी मी दारात आलो की सरसावून बसतात, माझ्या पिशवीकडे बघतात. मला त्या सासरे समजतात.

"आणली?" त्या विचारतात.

"विसरलो," मी सांगतो. दुसरं काय सांगणार.

काल मी असंच सांगितलं आणि चप्पल काढत उभा राहिलो. बायको त्यांच्या मागे बसून केस विंचरत होती. आईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, मग मान मागे वळवली आणि आवाज बारीक करून तिला म्हणाल्या, "बाई, तुम्ही परक्या, पण सांगते. मला मुलगी झाली ना, तर मी तिला असला नवरा नाही बघायची."

बायकोचा हात क्षणभर थांबला.

"नका बघू," ती म्हणाली, आणि पुढे विंचरत राहिली.