बेशरमचं सरकारी नाव

त्या वर्षीही लखनौत झाडं करपवणारं गोठलेलं दंव पडलं नाही. बाब गंभीर होती, पण कुरण विकास कार्यालयाच्या अखत्यारीत ती येत नव्हती. कार्यालयाच्या पुस्तिकेत जानेवारीत दंव पडत असे, आणि छापलेलं दंव वितळत नाही.

निशातगंजच्या त्या कार्यालयात शर्मिष्ठा देवधर वनस्पती अधिकारी होत्या. मूळच्या साताऱ्याच्या, हवाई दलातल्या नवऱ्याची इकडे बदली झाली, तशा त्याही आल्या. तेलीबागेपलीकडचं सरकारी कुरण त्यांच्या देखरेखीखाली होतं. तिथल्या तळ्याकाठी बेशरम नावाची झुडपी वनस्पती वाढायची, इकडे तिला त्याच अर्थाने बेहया म्हणत. पूर्वी थंडीत ती करपायची आणि तळ्यापुरती राहायची. नव्वदीनंतर हिवाळेच मवाळ होत गेले, आणि बेशरमने नावाला जागून अख्खं कुरण व्यापलं.

एका सकाळी जमुना नावाची शेळीवाली आपली शेळी खांद्यावर घेऊन थेट कार्यालयात आली. खाली ठेवताच शेळीची मान लटलटू लागली, पाय चारी दिशांना गेले.

“बहनजी, एकदा ती पानं तोंडाला लागली की दुसरं गवत हुंगतसुद्धा नाही,” जमुना रडकुंडीला आली होती. “रोज एक आडवी होतेय.”

कार्यालयप्रमुख त्रिपाठीसाहेबांनी चष्म्यावरून शेळीकडे पाहिलं. “पी के आई है क्या?”

“बेहया खाऊन, सर,” शर्मिष्ठाबाई अर्ज पुढे करत म्हणाल्या. “हवामान बदलतंय. दंव पडत नाही, म्हणून विषारी झाड पसरतंय.”

“मॅडम, पुस्तिकेत दंव आहे?”

“आहे, पण...”

“म्हणजे पडलं. पडलं म्हणजे झाड मेलं. और मरा हुआ पौधा ज़हर कैसे देगा? शिवाय हवामान हा दिल्लीचा विषय. आणि सरकारी कागदावर ‘बेहया’ लिहिता? उद्या मंत्रीजी स्वतःवर घेतील!”

म्हणून झाडाचं नाव ‘सदाहरिता’ ठेवण्यात आलं. नाव चांगलं मिळताच नशीबही उघडलं. ऐन हिवाळ्यात हिरवं राहतं म्हणून ते हरित प्रदेश योजनेच्या उद्दिष्टात धरलं गेलं. योजनेची समिती पाहणीला आली. गुलाबी-जांभळ्या फुलांपुढे फोटो निघाले. तेवढ्यात एक शेळी झोकांड्या खात आली आणि अध्यक्षांच्या बुटावर कोसळली. पुन्हा उठली नाही.

समितीने तत्काळ निष्कर्ष काढला: हिरवाईला शेळ्यांपासून धोका आहे. कुरणाला कुंपण घालायचं ठरलं. तार महाग, म्हणून कुंपण सदाहरिताच्याच फांद्यांचं. मग शेळ्यांना आत शिरायचीही गरज उरली नाही. त्या कुंपणच खाऊ लागल्या.

शर्मिष्ठाबाईंनी अर्ज लिहिणं सोडलं, पदर खोचला आणि जमुनाबरोबर झाडं मुळासकट उपटायला लागल्या. तळहात फुटले, पण बऱ्यापैकी तुकडा मोकळा झाला. त्यात कोवळं गवतही डोकावू लागलं. ते पाहून जमुना पहिल्यांदा हसली. तोच नोटीस आली: शासकीय हिरवाईची नासधूस. बाईंना कुरणावर पाऊल टाकायला मनाई झाली आणि उपटलेल्या जागी नव्या फांद्या रोवण्यात आल्या.

जमुनाने उरलेल्या शेळ्या हाकल्या आणि मलिहाबादला बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, “बहनजी, तुम्ही शिकलेल्या. तुमचंही कुणी ऐकत नाही?”

त्या संध्याकाळी शर्मिष्ठाबाई घरी पोचल्या तर शेजारच्या सुलभाताई फाटकाशी मातीत फांद्या खोचत होत्या.

“सरकारी योजनेत फुकट वाटताहेत! पाणी नको, खत नको. फुलं बघा काय गोड!”

“अहो, विषारी आहे ते. शेळ्या मरतात त्याने.”

“आमच्याकडे कुठे आहेत शेळ्या?” सुलभाताई म्हणाल्या, आणि पुढची फांदी खोचली.

कॉलनीत सगळ्यांनी हेच विचारलं आणि सगळ्यांच्या कुंपणावर फुलं छान आली. वाचकांकडेही शेळ्या नसतीलच.